फ्लेल मोवरची पाती: लॉन सपाट हवं असेल तर वाय, हातोडा की रुंद?

नवरात्र संपून मंडप उठला की मैदानाची खरी अवस्था दिसते. चार महिने पावसावर पोसलेलं गवत कुठे गुडघाभर, कुठे तुडवून झोपलेलं, मधे बांबूंचे खड्डे, खिळे, सुतळीचे तुकडे. आणि फोन सुरू होतात: "दिवाळीच्या आत लॉन एकदम सपाट करून द्या." मी मुंबईच्या पूर्व उपनगरांतली काही शाळांची मैदानं, दोन मोठी गृहसंकुलं आणि एका कारखान्याचं आवार सांभाळतो. दर वर्षी या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो, फ्लेल मोवरला, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायच्या गवत कापणाऱ्या मशीनला, कुठली पाती लावायची? ज्यांच्याकडे हे मशीन आहे, किंवा छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडायला घ्यायचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी ही तुलना.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गवताची जात, ट्रॅक्टरची ताकद, दुकानदाराचा आग्रह, हे सगळं नंतरचं. आधी स्वतःला विचारा, हे गवत मी किती दिवसांनी कापणार आहे? आठवड्याने, फार तर दहा दिवसांनी कापणार असाल आणि जमीन गवताने नीट झाकलेली असेल, तर रुंद फिनिशिंग पाती घ्या. महिन्या-दोन महिन्यांनी हात लागणार असेल तर वाय पाती घ्या आणि मखमलीसारख्या लॉनची अपेक्षा सोडा. हातोडा पाती लॉनवर आणूच नका. आता का, ते सांगतो.

फ्लेल हे मुळात मळणीचं हत्यार. लांब काठीच्या टोकाला चामड्याने किंवा साखळीने जोडलेली दुसरी आखूड काठी, ती गरगर फिरवून धान्य झोडायचं. आपल्याकडे कोकणात भाताचे भारे हातात धरून झोडतात, काम तेच. फ्लेल मोवरमध्ये एक आडवा रोटर असतो आणि त्यावर ठरावीक अंतराने पाती बोल्टने टांगलेली असतात, घट्ट बसवलेली नसतात. रोटर थांबलेला असताना ती लोंबकळतात. फिरायला लागला की बाहेरच्या ओढीने ताठ उभी राहतात. दगड लागला तर मागे वळतात आणि पुन्हा ताठ होतात. रोटरी मोवरचं आडवं पातं दगडाला लागलं तर तो दगड पार रस्त्यावरच्या गाडीवर जाऊ शकतो. फ्लेलमध्ये वरचं झाकण, म्हणजे हुड, आणि पुढचे पडदे तो बराचसा आतच ठेवतात. मुलं खेळतात त्या आवारासाठी मी रोटरी सोडून फ्लेलकडे आलो तो याच कारणाने. तरीही मशीन चालू असताना आसपास कोणी नको, हा नियम दोन्हींना सारखाच.

पात्यांचे आकार समजायला सोपे आहेत. वाय पातं म्हणजे एकाच बोल्टवर पाठीला पाठ लावून बसवलेल्या दोन अरुंद पट्ट्या, खाली एक डावीकडे वाकलेली, एक उजवीकडे. उलटा इंग्रजी वाय डोळ्यांसमोर आणा. हातोडा पातं म्हणजे जाड, जड, खाली रुंद झालेला ओतीव किंवा घडीव तुकडा. रुंद फिनिशिंग पातं मात्र आपल्या उलथन्यासारखं दिसतं: वर अरुंद मान, खाली पसरट आणि किंचित पुढे वाकलेली कड, आणि त्या पूर्ण कडेला धार. कोणी त्याला स्कूप म्हणतं, कोणी पॅडल. दुकानात नावावर जाऊ नका, हातात घेऊन खालची कड बघा. जमिनीला समांतर, सरळ, सलग धार असेल तरच ते लॉनचं पातं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी एक प्रयोग केला, कारण ऐकीव गोष्टींचा मला कंटाळा आला होता. मुलुंडच्या एका आवारात सिलेक्शन वन जातीच्या हरळीचं लॉन आहे. आठ दिवसांपूर्वी कापलेलं, सगळीकडे सारखं. मधोमध चुन्याची रेघ मारली. डावीकडचा भाग नव्या कोऱ्या वाय पात्यांनी कापला, मग अर्धा दिवस घालवून सगळी पाती बदलली आणि उजवीकडचा भाग रुंद पात्यांनी कापला. ट्रॅक्टर तोच, गिअर तोच, उंची तीच चार सेंटीमीटर.

उभं राहून पाहिलं तर दोन्ही बाजू बऱ्या दिसत होत्या. आमचे मुकादम म्हणाले, "साहेब, उगाच अर्धा दिवस घालवला." मीही गप्प बसलो. संध्याकाळी साडेपाचला ऊन तिरपं झालं आणि मी गवतावर उकिडवा बसलो, तेव्हा फरक दिसला. वाय पात्यांच्या बाजूला ट्रॅक्टर गेला त्या दिशेने बारीक बारीक वरंबे उठलेले होते, घाईत केलेल्या दाढीसारखे. कुठे गवत अर्धं पेर उंच, त्याच्या शेजारी अर्धं पेर खाली. रुंद पात्यांच्या बाजूला तळहात फिरवला तर तो कुठेही अडखळत नव्हता. मुकादमही खाली बसले, दोन्हीकडे हात फिरवला आणि काही बोलले नाहीत.

त्याच दिवशी इमारतीच्या मागचा, कोणी पाहत नाही असा पट्टा उरला होता. तिथे गवत मांडीपर्यंत, त्यात टाकळ्याची सुकलेली खोडं. उत्साहाच्या भरात मी तिथेही रुंद पाती घातली. दहा पावलांत इंजिनाचा आवाज बसला, हुडच्या आत गवताचा गोळा अडकला आणि मागे ओल्या वैरणीसारखे ढीग पडू लागले. मशीन बंद केलं, पाती पुन्हा वाय, आणि तोच पट्टा एका फेरीत निघाला. चकचकीत नाही, पण निघाला.

असं का होतं, त्याचं गणित अवघड नाही. रोटर मिनिटाला २४०० फेरे घेतो असं धरा, म्हणजे सेकंदाला ४०. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने चालला तर एका फेऱ्यात मशीन सुमारे २ सेंटीमीटर पुढे सरकतं. ताशी ६ केला की ४ सेंटीमीटर. म्हणजे एकाच ओळीवर दोन पाती येत असतील, तर हळू चालताना दर सेंटीमीटरला एक घाव बसतो आणि घाई केली की दोन सेंटीमीटरला एक. घाव जितके विरळ तितकं गवत लाटांसारखं दिसणार. पातं कोणतंही असो, सपाट लॉनचा पहिला नियम हा की पीटीओ, म्हणजे मशीनला ताकद देणारा ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, मिनिटाला पूर्ण ५४० फेऱ्यांवर ठेवायचा आणि ट्रॅक्टर मुंगीच्या चालीने न्यायचा. पुष्कळ जण डिझेल वाचवायला उलटं करतात, फेरे कमी आणि वेग जास्त, आणि मग पात्यांना नावं ठेवतात.

हे झालं पुढे-मागे. डावी-उजवीकडे काय होतं तो पात्याच्या आकाराचा प्रश्न. वाय पात्याचं टोक तिरकं असतं, त्यामुळे त्याने कापलेल्या पट्टीची एक बाजू किंचित उंच राहते. शिवाय दोन जोड्यांमध्ये फट राहू शकते. रुंद पात्याची कड सपाट असते आणि शेजारच्या पात्याच्या पट्टीवर थोडी चढते, त्यामुळे मधे काही सुटत नाही. त्यात त्याचा खोलगट आकार फिरताना पंख्यासारखा हवा ओढतो, लोळलेलं गवत उभं करतो आणि मग कापतो. वाय पातं अरुंद असल्यामुळे हवेत फार अडत नाही, ताकद कमी खातं आणि दाट गवतात सुरीसारखं घुसतं. एकाचा गुण तोच दुसऱ्या कामात त्याचा अवगुण.

तुमच्या रोटरवर पाती पुरेशी आहेत का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. इंजिन बंद, किल्ली खिशात, पीटीओ सुटलेला, मशीन पक्क्या लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं. पात्यांच्या टोकांना ओला गेरू लावा, खाली जाड पुठ्ठा असा सरकवा की लोंबकळणारी टोकं त्याला नुसती घासतील, आणि जाड हातमोजे घालून रोटर हाताने पूर्ण फिरवा. पुठ्ठ्यावर रंगाचे पट्टे उमटतील. पट्टे एकमेकांवर चढत असतील तर मशीन लॉनला लायक. मधे कोरी जागा दिसली तर तिथे दर वेळी गवताची शेंडी राहणारच, पाती कितीही महाग आणा. झाडझुडूप तोडायला बनवलेल्या मोवरवर पाती मोजकी असतात. बारीक कापणीच्या मोवरवर ती दाटीवाटीने असतात. पहिल्या प्रकारच्या मशीनला फिनिशिंग पाती लावून दुसऱ्या प्रकारचं काम मिळत नाही.

आता मुंबईची अडचण, आणि इथे मला माझ्याच आवडत्या पात्याविरुद्ध बोलायचं आहे. आपल्या बहुतेक मैदानांवर पाच-सहा ठिकाणी क्रिकेट चालतं, त्यामुळे गवतापेक्षा लाल माती जास्त. शिवाजी पार्कच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा, उन्हाळ्यात खिडक्यांच्या गजांवर काय साचतं. अशा मैदानावर रुंद पाती फिरवली तर ती गवताबरोबर मातीही ओढतात. धुरळा उडतो तो वेगळाच, पण त्या मातीतले वाळूचे कण पात्याची धार सहाणेवर घासल्यासारखी खाऊन टाकतात. एका शाळेच्या मैदानावर माझा नवा रुंद संच एका हंगामातच बोथट झाला. तसाच दुसरा संच गृहसंकुलाच्या दाट लॉनवर दीड वर्ष चालला. म्हणून निम्म्याहून अधिक उघडी जमीन असेल तर मी फिनिशिंग पाती सुचवत नाही. तिथे वाय लावा, उंची थोडी वर ठेवा आणि आधी गवत लावायच्या मागे लागा.

पावसाळ्याचं वेगळंच. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो, आणि या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. हरळी या दिवसांत आठवडाभरात हाताबाहेर जाते. गवत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, म्हणजे चार सेंटीमीटरचं लॉन राखायचं तर ते सहाचं झालं की कापायलाच हवं. पण जमीन इतकी मऊ असते की ट्रॅक्टरची चाकं रुततात आणि पडलेले चर पुढचे सहा महिने बुजत नाहीत. मग उघडिपीची वाट पाहत आठवड्याचे तीन आठवडे होतात आणि रुंद पाती लावून ठेवलेलं मशीन निरुपयोगी होऊन बसतं. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात मी रुंद पाती उतरवतो, पुसून तेलाचा हात देऊन तेलकट कापडात गुंडाळून ठेवतो, आणि वाय चढवतो. ऑक्टोबरात पहिली कापणी वायने जरा उंच, आठवड्याने दुसरी वायनेच थोडी खाली, आणि मैदान एकदा माणसांकडून पूर्ण वेचून घेतल्यावर रुंद पाती. दिवाळीचा फोटो या तिसऱ्या फेरीचा असतो. ज्यांना पहिल्याच फेरीत सपाट लॉन हवं असतं त्यांना मी सरळ सांगतो की गुडघाभर गवत एकदम चार सेंटीमीटरवर आणलं तर खाली पिवळी खोडं उघडी पडतील आणि दिवाळीला टक्कल दिसेल.

वेचण्याबद्दल जास्त सांगायला हवं, कारण रुंद पात्यांचा सगळ्यात मोठा शत्रू मंडपाचा खिळा आहे. वाय पात्याला खिळा लागला तर बारीक खाच पडते आणि काम चालून जातं. रुंद पात्याच्या सरळ कडेला एक खाच पडली की त्या रेषेत प्रत्येक फेरीला गवताची बारीक शेंडी सुटते, लॉनभर एक लांब ओरखडा दिसतो. तार आणि पतंगाचा मांजा दोन्ही पात्यांना सारखाच वाईट. तो रोटरच्या टोकाला गुंडाळत जातो आणि बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतो. नारळाची करवंटी फ्लेल सहज फोडतो, पण सोडण आत अडकून राहतं. मैदान चालत वेचायला दोन माणसं लावा, मजुरी एका संचाच्या किमतीपुढे काहीच नाही.

हातोडा पात्यांबद्दल थोडक्यात. जाड फांद्या, कुबाभळीची रोपं, वर्षानुवर्षं पडीक जागा, यासाठी ती उत्तम. गवतावर ती वाईट कापतात असंही नाही, कड रुंद असल्यामुळे वायपेक्षा सपाट काम देतात. पण वजन इतकं की १५-१८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर दाटीत दमतो, आणि जाड कड कोवळी पात कापण्यापेक्षा तोडते. सरळ उभ्या सुऱ्यांसारखी पातीही मिळतात, त्यांचं काम हरळीच्या मुळाशी साचलेला वाळका थर खरवडून काढणं. वर्षातून एकदा, वाढीच्या दिवसांच्या तोंडावर, तेवढ्यापुरती ती लावा.

धारेची परीक्षा दुकानात होत नाही, लॉनवर होते. कापणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गवताची चार-पाच पाती तोडून टोकं बघा. टोक सरळ आणि हिरवं असेल तर धार ठीक. टोकाला पांढरट-तपकिरी धागे सुटलेले असतील तर पातं कापत नाही, फाडतं आहे. दुरून सगळं लॉन करपल्यासारखं दिसतं ते यामुळे, आणि माळी बिचारा पाणी वाढवत बसतो. धार लावताना ग्राइंडर हलक्या हाताने फिरवा, मधे मधे पातं गार होऊ द्या. कडेवर निळसर झाक आली तर समजा पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून झटकन गार करून आणलेला कडकपणा, उतरलं. ती कड आता मऊ, आठवड्यात वळेल.

वजनाकडे कोणी बघत नाही आणि सगळ्यात महाग दुखणं तिथूनच येतं. २४०० फेऱ्यांवर, रोटरच्या मध्यापासून १४ सेंटीमीटरवर असलेल्या प्रत्येक ग्रॅमची ओढ सुमारे ९०० ग्रॅमसारखी होते. म्हणजे एका बाजूचं पातं समोरच्यापेक्षा २० ग्रॅमने हलकं असेल तर रोटरला १८ किलोचा झटका, सेकंदाला ४० वेळा. मशीन थरथरतं, उंची स्थिर राहत नाही, लॉनवर लाटा येतात आणि काही दिवसांत बेअरिंग जातं. म्हणून पातं एकटं बदलायचं नाही, समोरासमोरची जोडी बदलायची. धार लावल्यावर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक पातं तोलायचं. बोल्ट आणि लॉक नट दर वेळी नवे. पात्याचं भोक गोल राहिलं नसेल, लांबट झालं असेल, तर धार कितीही चांगली असली तरी ते पातं भंगारात. खाऱ्या हवेच्या भागात, जुहू-वर्सोव्याकडे वगैरे, आणखी एक बघा. पातं बोल्टवर गंजून अडकलं तर ते मोकळं झुलत नाही, आणि मग सगळा तोल गेला.

खरेदीला नागदेवी स्ट्रीटला जा, पण मापं घेऊन जा: भोकाचा व्यास, मानेची जाडी, भोकापासून कडेपर्यंतची लांबी, आणि शक्य असेल तर जुनं पातं खिशात. लांबी दोन मिलिमीटरने जरी जास्त झाली तरी पातं हुडला किंवा कापणीची उंची ठरवणाऱ्या मागच्या रोलरला घासू शकतं. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून पाती करून देणारे लोक आपल्याकडे आहेत आणि स्वस्तही पडतं. एकदा मी असा वाय संच करून घेतला होता. पाणी जास्त झालं होतं, दुसऱ्याच दिवशी एका पात्याचा एक पाय काचेसारखा तुटला आणि पुढचा रबरी पडदा फाडून बाहेर पडला. समोर कोणी नव्हतं. त्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास असतो, हे मी त्यानंतर रात्री बसून मोजलं. तेव्हापासून मशीनच्याच मापाची, कारखान्यात बनलेली पाती घेतो, वाय असोत की रुंद.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. क्रिकेटच्या खेळपट्टीभोवतीचं किंवा गोल्फच्या हिरवळीसारखं, दोन सेंटीमीटरच्या खालचं लॉन हवं असेल तर फ्लेलच्या कुठल्याही पात्यावर पैसे घालू नका. ते काम रील मोवरचं. तो खालच्या स्थिर पट्टीवर कात्रीसारखा कापतो, आणि त्याला एक खडाही चालत नाही. चार सेंटीमीटरच्या वर, मुलं लोळतील, आजी-आजोबा सकाळी अनवाणी चालतील असं लॉन रुंद पात्यांचा फ्लेल मोवर छान देतो.

पैसे एकाच संचापुरते असतील तर? तर वाय घ्या आणि दोन कापण्यांमधलं अंतर कमी करा. दहा दिवसांनी, हळू चालवून, दर वेळी दिशा बदलून कापलेलं वाय पात्यांचं लॉन हे महिन्याने कापलेल्या रुंद पात्यांच्या लॉनपेक्षा चांगलं दिसतं. हे मी तीन आवारांत पाहिलं आहे. या वेळी उत्तर-दक्षिण गेलात तर पुढच्या वेळी पूर्व-पश्चिम, म्हणजे वरंबे एकमेकांना छेदतात आणि डोळ्यांना दिसेनासे होतात. मागच्या रोलरला चिकटलेलं गवत प्रत्येक फेरीनंतर खरवडायला विसरू नका. रोलरवर बोटभर थर साचला की उंची तेवढीच वर जाते. दुसऱ्या वर्षी पैसे जमले की रुंद संच घ्या, आणि तो नोव्हेंबर ते मे एवढाच वापरा.